गणित दिनाच्या तक्त्यासाठी कोणती मोठी संख्या निवडावी?

पालक, कोथरूड
नमस्कार. माझ्या नववीतल्या मुलीला २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी एका मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म आणि वर्गीकरण तक्त्यावर मांडायचे आहे. संख्या किमान दहा अंकी असावी, एवढीच शाळेची अट आहे. आंतरजालावरची यादी उतरवून काढण्यापेक्षा प्रत्येक विधान तिला स्वतः पडताळता यावे, अशी संख्या कृपया सुचवावी.

अंकपाश
ताई, १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घ्यावी, असे मी निःशंकपणे सुचवेन. ती १११११११११ चा वर्ग आहे. अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या गणितज्ञाचे काम पुण्यातल्या मुलांनी स्वतः करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

गुणाकार कागदावर मांडायला सांगा. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकत जाते, त्यामुळे कोणत्या स्तंभात किती एक जमले, तेवढाच अंक खाली येतो. मधल्या स्तंभात नऊ जमतात आणि हातचा कुठेच येत नाही. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला, तर मात्र मध्ये दहा जमून हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते, जी उलटीकडून वाचल्यास सारखी राहत नाही. तक्त्यावर हे दोन्ही गुणाकार शेजारी शेजारी हवेत.

आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ असून तिला ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून ती कापरेकरांनीच सांगितलेली हर्षद संख्याही आहे. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. मूळ अवयव पाडल्यास ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतो, म्हणजे प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणल्यास एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. संख्या स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक, म्हणजे संख्येपेक्षा कमी भरते, म्हणून ती न्यून संख्या ठरते.

सदाशिव पेठ
पडताळणी एक्सेलमध्ये करू नये. तिथे पंधरा सार्थ अंकच टिकतात आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० उमटते. पायथॉन या संगणकीय भाषेत पूर्णांक अचूक राहतात.

पालक, कोथरूड
दोघांचेही आभार. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हे तिने कसे दाखवावे?

अंकपाश
सरळ मार्गाने ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल, पण त्यातल्या बहुतेक आधीच गळतात. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो, म्हणून तिचा कोणताही मूळ विभाजक घेऊन १ ला त्याने भागले, तर दशांशातील आवर्ती गटाची लांबी १, ३ किंवा ९ च असू शकते. लांबी १ फक्त ३ ची आणि लांबी ३ फक्त ३७ ची असते, आणि या दोहोंनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरली लांबी ९. ही लांबी मूळ संख्येतून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला नेहमी भागते, आणि ती मूळ संख्या विषम असल्याने ती १८ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असलीच पाहिजे. अशा मूळ संख्या, ३७ सोडून, सोळाच उरतात: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एवढे सोळा भागाकार तिने हातानेच करावेत आणि प्रत्येकाची बाकी तक्त्यावर लिहावी.