रॉड चिकटतोय, आर्क टिकत नाही – घरच्या घरी वेल्डिंग शिकतोय, मदत हवी आहे

कुळागरवाला
नमस्कार मंडळी. घरीच शिकायचं म्हणून इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलंय. रॉड टेकवला की चिकटतो. हिसका देऊन काढायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा चिकटतो. मध्येच कधी आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) लागलाच तर क्षणात पाइपला भोक. अँपियर कमी-जास्त करून झाले, रॉडचा पुडा बदलून झाला, काही फरक नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे यायच्या आत कुळागराचं (सुपारी-केळीच्या बागेचं) फाटक उभं करायचं आहे, गव्यांनी केळींची पार वाट लावलीय. मशीनच खराब आलंय का? दुकानदार परत घ्यायला तयार नाही. जरा लवकर सांगा.

मांडवीकाठ
कुठलं मशीन, किती अँपियरवर, रॉड किती नंबरचा, पाइप किती जाडीचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कुळागरवाला
२०० अँपियरचं आहे. रॉड नेहमीचाच, दुकानात देतात तो. पाइप चौकोनी, फाटकाला घेतात तसा.

बार्जयार्ड_निवृत्त
बाबा, "नेहमीचा" असा रॉड नसतो. पुड्यावरचा आकडा वाच. ६०१३ आहे की ७०१८? आणि जाडी? २.५ मिमीला दुकानात बारा नंबर म्हणतात, ३.१५ ला दहा नंबर. स्क्रीनवर किती आकडा ठेवतोस तेही सांग. कुठ्ठाळीच्या बाजूला बार्जवर उभी हयात रॉड जाळण्यात गेली माझी. पोरं "मशीन खराब" म्हणत यायची आणि मशीन बहुतेक वेळा धडधाकट निघायचं.

फ्लक्सकोअर_प्रेमी
रॉडच्या भानगडीत पडूच नका. गॅस न लागणारं फ्लक्स-कोअर (आत रॉडच्या लेपासारखी पूड भरलेल्या) वायरचं मशीन घ्या. ट्रिगर दाबला की वायर आपोआप येते, चिकटायचा प्रश्नच नाही. बाहेर वाऱ्यातही चालतं. मी त्यावर अख्खी कोंबड्यांची खुराडी बांधली.

मांडवीकाठ
त्याने मशीन घेतलंय, ते घरात आहे. आता दुसरं घे म्हणून काय उपयोग?

कुळागरवाला
पुडा बघितला. पहिला ६०१३, दहा नंबर. दुसरा ७०१८, तोही दहा नंबर. "हा भारी आहे" म्हणून दुकानदाराने दिला. पाइप २५ बाय २५, सोळा गेज. स्क्रीनवर ९० ठेवतो, भोक पडलं की ७० वर आणतो.

बार्जयार्ड_निवृत्त
हं, आता कळलं. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिमीची भिंत. तिच्यावर ३.१५ चा रॉड. त्या रॉडला नीट जळायला ९० ते १३० अँपियर लागतात. तेवढे दिलेस तर पाइप वितळून भोक पडणार. ७० केलेस तर रॉड पेटणारच नाही, चिकटणार. मधला आकडा त्या रॉडला नाहीच. म्हणून तू नुसता वर-खाली फिरत बसलायस.

बारा नंबरचा ६०१३ आण. तो ६० ते ९० मध्ये चालतो, या पाइपला ६० च्या आसपास ठेव. २ मिमीचा मिळाला तर आणखी बरं, तो ४० ते ६० वर चालतो. ७०१८ बाजूला ठेव. तो रॉड चांगला आहे, जहाजाच्या महत्त्वाच्या जोडाला तोच. पण त्याचं लेपण ओल धरता कामा नये. यार्डात तो भट्टीतून काढून गरम डब्यात घालूनच कामावर न्यायचे. गोव्याच्या पावसाळ्यात उघडा पुडा गोठ्यात ठेवलास तर तो कामातून गेला म्हणून समज.

कुळागरवाला
पुडे पंप हाउसमध्ये ठेवलेत. तिथेच काम करतो, फाटक तिथून जवळ पडतं.

विजेचा_माणूस
थांबा. पंप हाउसमध्ये मशीनला वीज कुठून घेता?

कुळागरवाला
घरातून एक्स्टेंशन ओढलंय. साधारण तीस मीटर असेल.

विजेचा_माणूस
वायर किती स्क्वेअर एमएमची? आणि घरात सॉकेट कुठलं?

कुळागरवाला
एक एमएमची, चवथीला माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताच्या) वरच्या दिव्यांना वापरतो ती. तीन पिनचं साधं सॉकेट. पण मशीन चालू होतं, पंखाही फिरतो. वायरचा काय संबंध?

विजेचा_माणूस
पंखा फिरायला काहीच लागत नाही. हिशोब सांगतो. ८० अँपियरला आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे दोन किलोवॅटला थोडे कमी. मशीनमध्ये वाया जाणारं धरलं तर बोर्डातून १४-१५ अँपियर ओढले जातात. तुमचं साधं सॉकेट ६ अँपियरचं असणार, ते तापून वितळेल. आणि एक स्क्वेअर एमएमची तांब्याची तीस मीटर वायर, जायची आणि यायची मिळून साठ मीटर, १५ अँपियरला सोळाएक व्होल्ट खाते. संध्याकाळी बोर्डावरच २०० असेल तर मशीनपाशी १८४ उरतात. आर्क लावायला नेमका जास्त जोर लागतो तेव्हाच मशीन मान टाकतं. स्क्रीनवर ९० दिसतं ते तुम्ही मागितलेलं. बऱ्याच स्वस्त मशीनवर प्रत्यक्ष किती मिळतंय ते दिसत नाही.

१६ अँपियरच्या सॉकेटवरून, निदान २.५ स्क्वेअर एमएमची वायर घ्या, ४ ची मिळाली तर उत्तम. रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या आत तापते. तोवर मशीन घरातल्या सॉकेटजवळ आणून शिका.

सत्तरीकर
गव्यांसाठी फाटक करताय? अहो, गवा एवढ्याशा चौकोनी पाइपला जुमानत नाही. आमच्या वाड्यावर दोन फाटकं वाकवून गेलाय. सौर कुंपण लावा. रानडुकरंही थांबतात.

कुळागरवाला
कुंपण आहे, मोकळी राहिलीय ती वाटच. फाटकाचाच प्रश्न आहे. बारा नंबरचे रॉड आज फोंड्याहून आणतो. आणखी एक, आर्क लागतो तेव्हा पांढरा धूर फार येतो आणि ठिणग्या उडतात. ते रॉड ओले असल्यामुळे का?

बार्जयार्ड_निवृत्त
पांढरा धूर? पाइप जीआय आहे की काय?

कुळागरवाला
हो, जीआयच. गंजू नये म्हणून मुद्दाम घेतला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधा पाइप दोन पावसाळे टिकत नाही.

बार्जयार्ड_निवृत्त
हे तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं! त्या पाइपवर जस्ताचा थर आहे. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होतं, पोलाद वितळायला १४००-१५०० अंश लागतात. म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी जस्त वाफ होऊन तुझ्या नाकात जातं, आर्क भडकतो, जोडात बुडबुडे राहतात. तो पांढरा धूर जस्ताचा. हुंगलास तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोनेक इंच ग्राइंडरने घासून आतलं लोखंड दिसू दे, मगच वेल्डिंग. बंद पंप हाउसमध्ये अजिबात करू नकोस. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने बस, म्हणजे धूर तोंडाशी घोळत राहणार नाही.

काणकोणची_ताई
आमचे वेल्डर गरम दूध आणि गूळ घेतात. धुराचा त्रास होत नाही म्हणतात.

डोळस
ताई, दुधाने फुप्फुसातलं जस्त निघत नाही. त्या भरवशावर लोक बंद खोलीत काम करतात, ते थांबायला हवं. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. दम लागत असेल तर डॉक्टरकडे जायचंच. आणि धाग्यात कुणी डोळ्यांचं विचारलंच नाही. कुळागरवाला, तुम्ही काच कुठली वापरता?

कुळागरवाला
मशीनबरोबर आलेला हातात धरायचा शील्ड आहे. आर्क लावताना दिसत नाही म्हणून आधी बाजूला धरतो, लागला की पुढे घेतो.

डोळस
तसं करू नका. त्या एका लखलखाटानेही डोळ्यांच्या बुबुळावरची कातडी भाजते. तेव्हा काहीच जाणवत नाही, रात्री झोपेतून उठून रडायची वेळ येते. डोळ्यांत रेती टोचल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही. मग कुणी बटाटा कापून ठेवतं, कुणी दुधाचे थेंब घालतं. दोन्ही नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि चोळू नका. आपोआप काळी होणारी हेल्मेट घ्या, ९ ते १३ शेडची (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा आकडा). तुमच्या अँपियरला १० ठेवली तरी चालेल. दोन्ही हात मोकळे राहतात. शिकताना हात स्थिर राहणं महत्त्वाचं असतं.

जुनं_ट्रान्सफॉर्मर
आमच्या वेळी तेलाचं मोठं मशीन असायचं. व्होल्टेज पडलं तरी कुरकुर नाही, पावसात भिजलं तरी चालायचं. या इन्व्हर्टरच्या खोक्यांमधली सर्किटं वीज चमकली की गेलीच.

विजेचा_माणूस
तेलाचं मशीन त्याहून जास्त करंट ओढतं. घरच्या वायरिंगवर ते नकोच. आणि "भिजलं तरी चालायचं" असं कुणाला सांगू नका. काम सुरू नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला जाणवत नाहीत. ओल्या चिऱ्यांवर, ओल्या चपलेत, घामाने भिजलेल्या हातमोज्यात तेवढेच पुरेसे आहेत. सुके चामडी हातमोजे, चामडी बूट, खाली सुकी लाकडी फळी. रॉड बदलतानाही मोजे हातात.

अर्थिंगचा क्लँप कुठे लावता?

कुळागरवाला
पंपाच्या लोखंडी पाइपला. तो जमिनीत खोल गेलाय, अर्थिंग पक्कं.

विजेचा_माणूस
लगेच काढा. तो क्लँप जमिनीसाठी नसतो. करंट परत मशीनकडे यायला ती वाट असते. तुम्ही पंपाला लावलात की वेल्डिंगचा ७०-८० अँपियर करंट पंपाच्या अर्थ वायरमधून वाट शोधतो. ती बारीक वायर जळेल आणि पंपाचं खरं अर्थिंग कुणाच्या नकळत जाईल. क्लँप ज्याला वेल्ड करताय त्याच तुकड्याला, रंग-गंज घासून चकचकीत केलेल्या जागी.

बार्जयार्ड_निवृत्त
हे बरोबर. रॉड चिकटायचं अर्धं कारण तेही असणार.

आता माझं ऐक. पाइप आठवडाभर बाजूला ठेव. भंगारवाल्याकडून ५-६ मिमीची पट्टी आण, जस्त नसलेली. घासून घे. बारा नंबर, ८०-८५ अँपियर. आगपेटीची काडी ओढतात तसा रॉड ओढायचा, ठोकायचा नाही. लागला की टोक पट्टीपासून रॉडच्या जाडीइतकंच दूर. शिकाऊ माणूस घाबरून हात वर घेतो, तिथेच आर्क तुटतो. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात सतत खाली द्यावा लागतो. रॉड जायच्या दिशेला थोडा झुकलेला, ओढत न्यायचा. उजेडाकडे बघू नकोस, त्याच्या मागे वितळलेल्या लोखंडाचं तळं असतं ते बघ. तळं रुंद होत गेलं तर वेग वाढव.

गार झाल्यावर स्लॅग (ओळीवर जमलेलं कडक कवच) झाडून ओळ बघ. उंच, अरुंद, पट्टीवर नुसती ठेवल्यासारखी असेल तर करंट कमी. चपटी, कडेला खड्डे, चहूकडे शिंतोडे, तर करंट जास्त किंवा हात लांब.

मांडवीकाठ
रॉड सुकवायचे कसे, तेही सांगा. मी चिकटवून लाल करतो, ओल जाते.

बार्जयार्ड_निवृत्त
नको. लेपण भाजून तडकतं, मग जोडाला संरक्षण कोण देणार? ६०१३ ला शंभर-एक अंशांवर तासभर ठेवलं तरी पुरतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मात्र नको. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, पिवळा बल्ब लावलेल्या पेटीत. ७०१८ ला ही पेटी पुरत नाही. भिजलेला ७०१८ परत कामाचा करायला ३०० अंशांच्या वर भट्टी लागते.

फ्लक्सकोअर_प्रेमी
वायरला हे सोपस्कार लागत नाहीत, पुन्हा सांगतो.

मांडवीकाठ
वायरचं रीळही दमट हवेत गंजतं.

कुळागरवाला
मंडळी, मशीन ओसरीजवळ आणलं, १६ अँपियरचं सॉकेट, क्लँप पट्टीवर. पहिला रॉड शेवटपर्यंत जळला! ओळ वाकडी आहे, पण स्लॅग एका टोकाला हातोडी लावताच लांब सालपटासारखा सुटून आला. फोटो टाकलाय. फाटकाला कधी लागू?

बार्जयार्ड_निवृत्त
ओळ चांगली आहे. सुरुवातीला थोडा थांबत जा, तिथे भरण कमी दिसतंय. पाइपला लागण्याआधी दोन पट्ट्या उभ्या-आडव्या टी आकारात जोड, एकाच बाजूने. मग व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोड. आतला भाग राखाडी आणि एकसंध असला पाहिजे. काळे ठिपके किंवा न वितळलेली कड दिसली तर अजून सराव.

पाइपला रॉड निगेटिव्हवर घे, होल्डर मायनसला. पातळ लोखंडात आर्क कमी खोल जातो. थोडं-थोडं टाकायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं. चौकट आधी चारही कोपऱ्यांना टॅक (ठिपक्याएवढे छोटे जोड) मार, दोन्ही कर्ण मोजून सारखे कर, मगच भर, समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने. नाहीतर चौकट आवळून मुरडते.

मांडवीकाठ
उभा जोड वरून खाली ओढ. पातळ पाइपला तेच बरं.

बार्जयार्ड_निवृत्त
चौकटीला वरून खाली चालेल. कब्ज्यांना (बिजागऱ्यांना) नाही. तिथे फाटकाचा सगळा भार येतो, खालून वर चढवत भरायचं. तो हात यायला महिने लागतात.

कुळागरवाला
मग कब्ज्यांचं काय करू? चवथ महिन्यावर आलीय.

सत्तरीकर
गावातल्या वेल्डरकडून तेवढे दोन कब्जे करून घ्या. चौकट तुमची.

बार्जयार्ड_निवृत्त
सत्तरीकर बरोबर बोलतात. किंवा ६ मिमीच्या पट्टीवर कब्जा आडवा ठेवून सपाटीत वेल्ड कर आणि ती पट्टी चौकटीला आरपार बोल्टने आवळ. भार बोल्ट घेतील. घासलेल्या जागी जस्ताचा थंड गॅल्व्हनायझिंग रंग दोन हात मार, रेड ऑक्साइड एकट्याने आपल्या हवेत टिकत नाही. मोडलेल्या टी-जोडाचा फोटो आधी टाक. तो बघितल्याशिवाय फाटक टांगू नकोस.

कुळागरवाला
बोल्टचं जमेल. टी-जोड उद्या करतो. काका, बोल्ट किती मिमीचे घेऊ?

बार्जयार्ड_निवृत्त
फाटक किती रुंद? तेही नाही सांगितलंस अजून.