रोजचं शब्दकोडं: त्यानं दिलेला एक तरी शब्द सांगा

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी सकाळी पेपर आला की कोड्याचं पान आधी आजोबांकडे जातं. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. पेन्सिलीनं भरतात, अडलेलं तसंच ठेवतात आणि मी कामाला निघताना पान माझ्यापुढं सरकवतात, "राहिलेलं तू बघ."

गेल्या आठवड्यात आडवा शब्द होता, 'काव्य रचणारा', दोन अक्षरी. आजोबांनी 'कवि' लिहिलं. त्याच दुसऱ्या घरातून खाली जाणारा शब्द, 'सरस्वतीच्या हातातलं वाद्य'. वीणा. एकाच घरात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही कसं बसणार? आजोबा बराच वेळ त्या घराकडं बघत होते. त्यांनी शाळेत 'कवि', 'हरि', 'गुरु' असंच गिरवलेलं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हे १९६२च्या नियमांनी ठरलं, तोवर त्यांची शाळा सुटून गेली होती. मी म्हटलं, "आजोबा, आता कवी दीर्घ." त्यांनी खोडरबर घेतलं, वेलांटी बदलली आणि विचारलं, "मग कविता?"

कविता ऱ्हस्वच. पण का, ते मला तिथल्या तिथं सांगता आलं नाही. संध्याकाळी नियम काढून वाचला. 'कविता'त तो 'वि' शब्दाच्या शेवटी नाही, मधे आहे, आणि शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून मूळचा ऱ्हस्व टिकला. आयुष्यभर मराठी लिहिते आहे, पण हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आपल्या भागात अशी किती घरं असतील! कोडं किती मिनिटांत सुटलं ते नको. कोड्यानं दिलेला आणि मग कायमचा राहिलेला एक शब्द सांगा, आणि तो कसा आला ते लिहा.

निपाणीहून

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी कातरलेल्या पानांची चवड. मी तिसरीत असल्यापासून तिच्यासमोर पेपर घेऊन बसायचो. पेपर दुकानातून मागून आणलेला, कालचा. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायचो. एकदा आलं, 'एकावर एक रचलेली मडकी', चार अक्षरी, तिसरं अक्षर 'रं'. वर्गात माझा पहिला नंबर असायचा आणि मला काही सुचेना. आईनं मान वर न करता सांगितलं, "उतरंड की रं."

त्या दिवसापासून आमची वाटणी झाली. कणगी, वेसण, दावं, वैल, मोटेचा नाडा हे सगळं तिचं. सूर्य, चंद्र, कमळ, पाणी यांची संस्कृत नावं माझी. 'मित्र' म्हणजे सूर्यसुद्धा, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. विड्या वळताना तिचे हात कधी थांबत नसत. दुसऱ्या दिवशी अंगणात धुणं वाळत घालताना म्हणाली, "आज मित्र लई तापलाय बघ."

ती गेल्याला नऊ वर्षं झाली. घरात आता उतरंड नाही, कणगी नाही. शब्द माझ्याकडे आहेत, ते तिचे आहेत.

शहापूरहून

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पोस्टिंग लांब लांब. आई महिनाभराची कोडी कापून पत्रात घालायची. उत्तरं मात्र पाठवायची नाही, ती बिस्किटाच्या डब्यात. वडील भरून परत पाठवायचे आणि मग आम्ही दोघी डबा उघडून तपासायचो. एकदा 'आकाश, दोन अक्षरी' याला त्यांनी 'नभ' लिहिलं होतं आणि समासात, "हे चुकलंय असं वाटतंय, खालचे दोन शब्द लागत नाहीत." हवं होतं 'व्योम'. मी तेव्हा सहावीत. त्यांना पत्रात उत्तर कळवायचं काम आईनं मला दिलं, म्हणून तो शब्द मला वडिलांना सांगायला मिळालेला पहिला शब्द.

गोकाकहून

माझं माहेर कोल्हापूरकडचं. लग्न होऊन आले तेव्हा कन्नड बोललेलं थोडं कळायचं, वाचता एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या आक्का रोज दुपारी कन्नड पेपरातलं कोडं सोडवायच्या. त्याला 'पदबंध' म्हणतात. आपल्या 'आडवे शब्द'च्या जागी 'एडदिंद बलक्के', म्हणजे डावीकडून उजवीकडं, आणि 'उभे शब्द'च्या जागी 'मेलिनिंद केळक्के', वरून खाली. आक्कांनी मला ही दोन वाक्यं आधी वाचायला लावली, कारण ती रोज तीच असतात. तीच माझी बाराखडी झाली.

पहिला शब्द मी भरला तो 'तुप्प'. लोणी कढवल्यावर मिळतं ते! आपलं तूपच. दुसऱ्या घरात 'प' आणि त्याच्या खाली छोटा 'प'. जोडाक्षर तिकडंही एकाच घरात बसतं, मात्र खाली लटकतं.

अडायचे ते ए आणि ओ वर. मराठीत ए एकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व वेगळा, दीर्घ वेगळा, आणि दोघांची अक्षरंही वेगळी. 'शेतातलं पीक' याला मी दीर्घ 'बेळे' लिहिलं, ती झाली डाळ. पीक म्हणजे ऱ्हस्व 'बेळे'. आक्का म्हणाल्या, बाजारात तुझं बोलणं चालून जातंय गं, घरात चालणार नाही. घर म्हणजे कोड्यातलं घर. आमच्याकडंही पिक म्हणजे कोकिळ आणि पीक म्हणजे शेतातलं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेपराच्या कडेला ते दोन्ही शब्द कन्नड लिपीत लिहून ठेवले. आता मी सोसायटीच्या पावत्या, बसच्या पाट्या, मुलीचा कन्नडचा धडा सगळं वाचते.

खानापूर तालुक्यातून

मी प्राथमिक शाळेत शिकवायचो, आता निवृत्त आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी दर शनिवारी कोडं तयार करायचो, म्हणून रचणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

मुलांना मी आधी सांगायचो की हा खेळ २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन यांनी आणला आणि ते पहिलं कोडं शंकरपाळीच्या आकाराचं होतं. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, तेवढ्यावर भागतं. आपल्याकडं काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट सगळं एका घरात. त्यामुळं शब्द आखूड होतात आणि जुळवणं कठीण. 'कुं' टाकला की खाली कुंकू, कुंपण, कुंदा, कुंभार असलंच काहीतरी लागतं. म्हणून मी सुरुवात नमन, नवल, सरस, कमल अशा बिनकान्याच्या शब्दांनी करायचो. त्यांच्यात कुठूनही वाट निघते. जोडाक्षर कोपऱ्यात.

सूचना शक्यतो गावच्या. मलप्रभेत पोहून मोठी झालेली पोरं, पण 'मलप्रभेचं उगमस्थान', चार अक्षरी, हे कुणालाच आलं नाही. सोमवारी एक मुलगा धावत आला, "गुरुजी, कणकुंबी! आमच्या मामाचं गाव!" तो दर उन्हाळ्यात तिथं जात होता. असा आनंद मला परीक्षेच्या निकालात कधी दिसला नाही.

आणखी एक. या शहराचं जुनं नाव वेणुग्राम, चार घरं. बेळगाव, चार घरं. २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी, तेही चारच घरं, फक्त शेवटच्या घरात एक वेलांटी. त्या वेलांटीवर आमच्याकडं किती बोललं गेलंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. कोडं रचताना त्या घराशी आलो की माझा हात दर वेळी थोडा थांबायचा, आणि मी 'व' लिहायचो.

कंग्राळीहून

मी बारावीत आहे. अनुभव मोठा नाही, पण सकाळपासून एक अडलंय. 'दार चौकटीला जोडणारी', चार अक्षरी, दुसरं अक्षर 'जा'. घरात सगळ्यांना विचारलं. आई म्हणाली कडी, बाबा म्हणाले कोयंडा. बसत नाही.

खानापूर तालुक्यातून

बिजागरी. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, पगार आणि बटाट्यासारखा. दाराशी जाऊन एकदा हात लावून ये, मग लिही.

कंग्राळीहून

बसलं गुरुजी! आणि तिसऱ्या घरातल्या 'ग'मुळं उभा शब्दही सुटला. 'कंठ दाटून आणणारा', चार अक्षरी. गहिवर.