अंदमान : सॅडल पीक आणि बेटांवरची पायपीट, कोल्हापुरातून आठ जण

गगनगिरी_८ विचारतात :

फेब्रुवारीत आम्ही आठ जण अंदमानला निघालोय. हातात आठ दिवस, त्यातले दोन विमानाचे. पाच जण पन्हाळा-पावनखिंड नेमाने चालणारे, तिघांना डोंगराची सवय नाही, त्यात एक काका साठीचे. नुसतं बोटीतून फिरायचं नाही, चालायचं आहे. सॅडल पीक (अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर) करावं का? वेळ, पाणी, बूट, परवानगी यांचं गणित कसं मांडायचं? ७३२ मीटर म्हणजे काही फार नाही, असं ग्रुपमध्ये सगळे म्हणतायत.

करवीर_वाटाड्या :

त्या आकड्यावर जाऊ नका. कोल्हापूरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. आपल्याकडून पन्हाळ्याला चढायचं म्हणजे जेमतेम चारशे मीटर. सॅडल पीकची वाट लामिया बे इथे समुद्रकाठीच सुरू होते, म्हणजे ७३२ च्या ७३२ मीटर पायांनी चढायचे. एका बाजूचं अंतर साधारण आठ किलोमीटर. पहिला टप्पा किनाऱ्यालगत, झाडीतून आणि दगडगोट्यांतून जातो. तिथे सगळे जोरात सुटतात आणि तिथेच दमतात. मग मुळांवरून चढणारी, ओल असली की निसरडी वाट लागते. माथ्यावर बऱ्याचदा ढग असतात, त्यामुळे नजारा दिसेलच असं धरून जाऊ नका.

खरा फरक हवेचा आहे. सह्याद्रीत हिवाळ्यात घाम सुकतो आणि अंग गार होतं. तिथे हवा इतकी दमट असते की घाम नुसता ओघळतो, अंग थंड होतच नाही. माणूस दमला म्हणून थांबतो तेव्हा खरं तर तापलेला असतो. माणशी चार लिटर पाणी घ्या, त्यातलं एक लिटर ओआरएसचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर त्रास वाढतो. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं की सावलीत बसवा, कपडे सैल करा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा. बोलणं असंबद्ध झालं तर ती इमर्जन्सी समजा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्यापेक्षा अठरा-एकोणीस रेखांश पूर्वेला आहे आणि वेळ मात्र तीच. म्हणजे सूर्य तिकडे सव्वा तास आधी मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त, आणि दाट रानात त्याआधीच पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणून सकाळी सहाला वाटेला लागा, आणि अकराला जिथे असाल तिथून मागे फिरा. माथा अर्ध्या तासावर असला तरी फिरायचं. हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा, वर गेल्यावर वाद घालायला कुणाच्या अंगात ताकद नसते.

परवाना वनखात्याचा लागतो, स्थानिक गाईड सोबत घ्यावा. दोन्ही आदल्या दिवशी शिखराजवळच्या दिगलीपूर गावातच ठरवा आणि फाटक किती वाजता उघडतं तेही तिथेच विचारा. मुक्काम कालीपूरला केलात तर सकाळचा वेळ वाचतो.

सागरवेल :

माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या सहा दिवसांत सॅडल पीक बसेल, पण बाकीचं चेपून. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ते दिगलीपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका बाजूला अख्खा दिवस जातो. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्याने सुटतात. ताफा चुकला की पुढच्याची वाट बघायची. त्या टापूत गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि हे सोबतच्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवायला हवं.

आठ जणांत तिघे नवखे असतील तर माउंट मणिपूर (जुनं माउंट हॅरिएट) ते मधुबन ही वाट जास्त बरी. पोर्ट ब्लेअरच्या समोरच आहे, सावली भरपूर, आणि सुरुवात वरून केली तर चाल बहुतांशी उताराची. दुसरी म्हणजे स्वराज द्वीपवरची (जुनं हॅवलॉक) एलिफंट बीचची वाट, रस्त्यापासून दोनेक किलोमीटर. शेवटचा भाग खारफुटीचा, भरतीला तिथे चिखल-पाणी असतं. खारफुटीतल्या काही झाडांचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते, फांद्या मोडू नका. आणि खाडीच्या पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही तिथली खरी गोष्ट आहे, पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

गगनगिरी_८ :

भरतीचं काय करायचं? आमच्यातल्या एकाचं आजोळ मालवणचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते म्हणतो. तिकडे चालेल का?

करवीर_वाटाड्या :

नाही चालणार. तो हिशेब कोकणपट्टीचा. बंगालच्या उपसागरात भरती वेगळ्या वेळी पोचते, त्यामुळे घड्याळ तेच असलं तरी वेळ जुळत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मिळतं, तेच वापरा. तिथीचा उपयोग एवढाच की अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते. शहीद द्वीपवरचा (जुनं नील) दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, तर ते दिवस त्याच्यासाठी ठेवा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा. पाणी वळल्यावर निघायला गेलात तर शेवाळलेल्या प्रवाळावरून घाईने चालावं लागतं आणि पाय कापतात. अशी जखम गोड्या पाण्याने चोळून धुवा, आत प्रवाळाचा कण राहिला तर ती चिघळते. मगच पोव्हिडोन आयोडीन.

दाजीपूर_रानवाटा :

बुटांचं कुणी बोललं नाही. जड चामडी बूट नको, ओले झाले की दोन दिवस वाळत नाहीत. जाळीचे, खोल नक्षीच्या तळव्याचे हलके बूट घ्या, शिवाय पाण्यात चालायला मागे पट्टा असलेले सँडल. लांब बाह्या आणि पायघोळ पँट हवीच : किनाऱ्यावर पहाटे-संध्याकाळी बारीक माश्या चावतात, खाज आठवडाभर जात नाही. झुडपांत हात घालण्याआधी बघा, तिथले चापडे (पिट व्हायपर जातीचे विषारी साप) हाताच्या उंचीवर बसतात. आपल्याकडे साप चावल्यावर देतात ती प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर बनवलेली आहे, चापड्यांवर नाही.

गॅसची नळकांडी, लायटर, माचीस विमानात चालत नाही, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. भडंग, चिक्की, गुळाचे खडे हवाबंद डब्यात न्या, उघड्यावर तासाभरात मऊ पडतात.

काकांसाठी : सॅडल पीक ठरलंच तर किनाऱ्याचा टप्पा सगळ्यांनी मिळून करा. चढ सुरू होतो तिथून त्यांच्यासोबत एक तरबेज माणूस मागे फिरेल. त्याचं नाव आधीच ठरवा, आणि दुसरा गाईडही आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन्ही तुकड्यांना वाट माहीत असलेला माणूस राहील.

सागरवेल :

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. वारं बिघडलं की बोटी रद्द होतात. आणि शिंपले, प्रवाळ काहीही बॅगेत टाकू नका, विमानतळावर तपासणीत काढून घेतात आणि कारवाई होऊ शकते.