मदत हवी आहे: ईरी सरोवराच्या काठावरून नोव्हेंबरात वॉलआय कसा पकडावा?

नमस्कार,

मी ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या पश्चिमेला, ईरी सरोवराजवळ राहतो. या सरोवरात वॉलआय हा मासा विपुल आहे आणि उन्हाळ्यात बोटीतून तो मिळवणे मला जमते. परंतु ऑक्टोबर सरून नोव्हेंबर लागल्यावर, पाणी गार झालेले असताना, बंदराच्या धक्क्यावरून किंवा काठच्या दगडी बांधावरून रात्री तो कसा पकडावा, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी नेमकी कोणती संध्याकाळ निवडावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझे गरवण्याचे शिक्षण राजापूरच्या खाडीकाठी झाले. तिथे तिथी ठाऊक असली की भरती केव्हा लागणार हे कळते, आणि भरतीची वेळ कळली की जिताडा कोणत्या सुमारास काठाला येईल याचा अंदाज बांधता येतो. ईरी सरोवराला जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही. त्याऐवजी वारा पाणी ढकलतो. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला की पाणी पूर्वेला बफेलोच्या बाजूस चढते आणि पश्चिमेला टोलेडोकडे उतरते. मोठ्या वादळात या दोन टोकांच्या पातळीत दहा फुटांहूनही अधिक फरक पडतो. वारा थांबला की हे पाणी सुमारे 14 तासांच्या आवर्तनाने मागेपुढे हेलकावत राहते. म्हणून माझा पहिला प्रश्न असा की, खाडीत आपण भरतीची वेळ धरतो त्याप्रमाणे इथे हे परतणारे पाणी धरून जावे का?

दुसरा प्रश्न वेळेचा. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते, हे मला माहीत आहे. नोव्हेंबरच्या मध्यास इथे सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो. कामावरून थेट धक्क्यावर गेल्यास अंधार पडतापडता पोहोचता येते. पण खरी वेळ तीच, की त्यानंतरची रात्र? दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असल्याने किती वाजेपर्यंत थांबण्यात अर्थ आहे, हे कळल्यास फार उपयोग होईल.

तिसरा प्रश्न साधनांचा. माझ्याकडे सात फुटी मध्यम ताकदीची काठी, स्पिनिंग रीळ, दहा पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा आणि 12 व 14 सेंटिमीटरचे रापाला हस्की जर्क हे नकली मासे आहेत. गार पाण्यात ते किती सावकाश ओढावेत?

शेवटचा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. वॉलआयची वीण वसंतात होते, पण मादीच्या पोटातील अंडी शरदातच वाढू लागतात. अशा वेळी मोठी मादी लागली तर ती ठेवावी की सोडावी?

प्रतिसाद

तुमचा पहिला प्रश्न चांगला आहे, पण तुमच्या ठिकाणासाठी त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सरोवर पाळण्यासारखे हेलकावते तेव्हा पातळीतील मोठा फरक दोन टोकांना पडतो आणि मध्याजवळ तो बराच कमी असतो. क्लीव्हलंड मध्याच्या जवळ आहे. टोलेडोजवळ गरवणाऱ्याने पातळीची नोंद अवश्य पाहावी. तुम्ही मात्र पाण्याच्या उंचीपेक्षा त्याचा रंग पाहा. वारा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहेच, पण तो पाणी चढवतो म्हणून नव्हे, तर गढूळ करतो म्हणून.

तुमचा काठ सरोवराच्या दक्षिणेला आहे. उत्तरेचा किंवा वायव्येचा जोराचा वारा लाटा थेट तुमच्या काठावर आणतो, तळाचा गाळ उठतो आणि पाणी दुधाळ चहासारखे दिसू लागते. त्या रात्री घरी थांबावे. वारा फिरून दक्षिणेकडून वाहू लागला की तो जमिनीवरून येतो, काठचे पाणी शांत होते आणि साधारण एकदोन दिवसांत गाळ खाली बसतो. नकली मासा दोनतीन फूट खोलीपर्यंत दिसावा इतके हिरवट पाणी झाले, की ती संध्याकाळ तुमची. अगदी नितळ पाण्यापेक्षा मला हे किंचित गढूळ पाणी अधिक भरवशाचे वाटते. थोडक्यात, पंचांगाच्या जागी राष्ट्रीय हवामान सेवेचा सरोवरासाठीचा किनारी अंदाज ठेवा, आणि केवळ आजचा वारा न पाहता मागच्या दोन दिवसांचाही पाहा.

मासा काठाला का येतो, हे ध्यानात घेतले की जागा निवडणे सोपे जाते. उन्हाळ्यात मोठे वॉलआय पूर्वेच्या खोल, गार पाण्याकडे जातात. शरदात त्यांतील पुष्कळ पश्चिमेकडे परततात, कारण वसंतातील विणीच्या मॉमी आणि सँडस्की या नद्या त्या बाजूला आहेत. याच काळात एमराल्ड शायनर आणि गिझर्ड शॅड या लहान माशांचे थवे काठाजवळ व बंदरांच्या तोंडाशी गोळा होतात आणि वॉलआय रात्री त्यांच्या मागे उथळ पाण्यात शिरतो. क्लीव्हलंडपासून लोरेन, व्हर्मिलियन, ह्युरॉनपर्यंतचे धक्के याचसाठी प्रसिद्ध आहेत. धक्क्याच्या दिव्याखाली लहान मासे फिरताना दिसले, तर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर, अंधाराच्या बाजूने नकली मासा ओढावा. लहान मासे मुळीच दिसत नसतील तर जागा बदलावी. रिकाम्या पाण्यात चिकाटी दाखवून काही साधत नाही.

ओढण्याबाबत: पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास असताना संथ, एकसारखे ओढणे पुरते. ते 40 कडे उतरू लागले की दोन-तीन वेळा रीळ फिरवून थांबा, आणि थांबणे क्रमाक्रमाने लांबवत पाच-सहा सेकंदांपर्यंत न्या. मासा बहुधा त्या थांब्यातच घेतो. झटका क्वचितच बसतो, दोरा नुसता जड झाल्यासारखा वाटतो आणि तेव्हाच काठी बाजूला ओढून घ्यावी लागते. हस्की जर्क पाण्यात तरंगत स्थिर राहावा अशा बेताने बनवलेला असतो, पण गार पाण्याची घनता जास्त असल्याने तो हळूहळू वर येताना दिसू शकतो. पुढच्या गळाच्या दांडीला शिशाच्या तारेचे एकदोन वेढे दिले की तो पुन्हा जागेवर राहतो. ब्रेडेड दोऱ्याच्या टोकाला दोनतीन फूट फ्लुरोकार्बनचा तंगूस जोडा, म्हणजे दगडावर घासून दोरा तुटणार नाही.

मोठी मादी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 2015, 2018 आणि 2021 या वर्षांतील पैदास भरघोस झाल्याने सरोवरात वॉलआय भरपूर आहे, आणि कायद्याने 15 इंचांपासून पुढचा मासा ठेवता येतो. तरीही खाण्यासाठी 18 ते 20 इंची मासाच चवीला उत्तम लागतो. गार पाण्यात सोडलेला मासा चांगला तगतो, फक्त ओल्या हातांनी धरावा आणि दगडावर आपटू देऊ नये. त्यासाठी लांब दांड्याचे जाळे जवळ असणे आवश्यक आहे.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

मनःपूर्वक आभार. वाऱ्याचा हिशेब आता स्पष्ट झाला. वेळेबद्दल आणि बांधावरील सुरक्षिततेबद्दलही आपण थोडे लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

सूर्यास्तानंतरचा पहिला तास चुकवू नका, आणि त्यानंतर साधारण नऊपर्यंत थांबा. मासा लाटेलाटेने येतो, म्हणून अर्धा तास काही लागले नाही तरी लहान मासे दिसत असतील तोवर जागा सोडू नये. मध्यरात्रीनंतरही मासा मिळतो, परंतु कामाच्या आदल्या रात्री त्यासाठी जागण्याची गरज नाही.

बांधाचे दगड ओले असतात आणि थंडी वाढली की त्यांवर पातळ बर्फ धरतो. बुटांना लोखंडी खिळ्यांचे तळ लावा, डोक्याला दिवा बांधा, जीवरक्षक जाकीट घाला आणि सोबतीशिवाय जाऊ नका. त्या तापमानाच्या पाण्यात पडल्यावर हातपाय काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात. उत्तरेच्या वाऱ्यात लाटा बांधावरून पलीकडे जातात. पाणी स्वच्छ असले तरी तशा रात्री बांधावर पाऊल ठेवू नये.