शब्दचर्चा : कर्करोगाला 'दुर्मिळ' म्हणावं का?

मीनल_रावपुरा
मंडळी, अडलंय. माझ्या काकूला, वय चौऱ्याहत्तर, कानशिलावर गाठ आली. करवंदाएवढी, लालसर-जांभळी, हाताला घट्ट. दुखत अजिबात नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गळू असेल म्हणून पंधरा दिवस अळशीचं पोटीस बांधलं, पिकेचना. उलट फुगतच चालली. तपासणीत निघाला मर्केल पेशी कर्करोग. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक चालू आहेत, काकूचं तोंडही चालू आहे, म्हणजे बरी आहे.

आता आमच्या वडोदऱ्याच्या मंडळाने घरच्या माणसांसाठी दोन पानी मराठी माहितीपत्रक काढायचं ठरवलंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्याच ओळीला थांबले. 'दुर्मिळ कर्करोगांवरील संशोधन' असं लिहून काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जन्मात कधी दुर्मिळ काही वाट्याला आलं नाही, आलं ते हे!" ती हसली, मला हसू येईना. दुर्मिळ नाणं, दुर्मिळ योग, दुर्मिळ पुस्तक. दुर्मिळ म्हणजे ज्याच्यासाठी माणूस वणवण करतो ते. कर्करोगाला कसं लावायचं? विरळ, विरळा, क्वचित, काय चालेल?

दांडियाबाजार
'दुर्मिळ' मुळातच फसवा. वर संस्कृत उपसर्ग, खाली मराठी 'मिळ'. शुद्ध शब्द दुर्लभ. गुजरातीतही दुर्लभच, म्हणजे आपल्या गावात कुणाला अडायला नको.

मीनल_रावपुरा
काका, दुर्लभ तर आणखी वरच्या पायरीवरचं! नरजन्म दुर्लभ, संतदर्शन दुर्लभ. काकू झाडू घेऊन मागे लागेल.

चिंतूनाना
मिल् धातू संस्कृतातच आहे, तेव्हा दांडियाबाजारकरांनी 'दुर्मिळ'वर एवढं डाफरायला नको. बाकी मीनलचं म्हणणं रास्त. 'विरळ' म्हणजे दाटच्या उलट : केस विरळ, वस्ती विरळ. कर्करोग विरळ म्हटलं तर तो पातळ झाला असं वाटेल. 'विरळा' पुन्हा कौतुकाचा, असा माणूस विरळा. आणि 'क्वचित' हे क्रियाविशेषण, त्याला नामापुढे उभं करता येत नाही.

इंदुरी_शेव
दुर्मिळ राहू द्या, पुढच्या शब्दाचं बघा. संशोधन! माझा भाचा हिंदी शाळेतला. त्याने कुठेतरी 'कर्करोग संशोधन' वाचलं आणि विचारलं, "मामा, ये तो संविधान में होता है ना?" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला संशोधन म्हणतो तो त्यांचा शोध. आणि आपला शोध म्हणजे एकतर लागतो, नाहीतर हरवलेल्या माणसाचा घेतात.

लष्करवाली
ग्वाल्हेरहून हजर. आमच्या आत्याबाई दोन्ही शोध एका दमात वापरतात. नातू शोध करतोय म्हणजे पीएचडी, आणि आजोबा शोध करतायत म्हणजे चष्मा. आजोबांचा लवकर पुरा होतो.

मीनल_रावपुरा
इथे संशोधनाला अडचण नाही, गुजरातीतही तेच. खरी गोची 'पेशी'ची आहे, ती माझ्या लक्षातही आली नव्हती. मुलगी गुजराती माध्यमात नववीला. पत्रक वाचून म्हणाली, "आई, पेशी म्हणजे टिश्यू ने? मग मर्केल टिश्यूचा कॅन्सर असं का लिहिलंस?" तिच्या पुस्तकात सेल म्हणजे कोष आणि टिश्यू म्हणजे पेशी. आपल्याकडे सेल म्हणजे पेशी आणि टिश्यू म्हणजे ऊती. म्हणजे लिहिणारी मराठी, वाचणारीही मराठी, अक्षर तेच, आणि अर्थ एका पायरीने सरकलेला. वडोदऱ्यात निम्मी मराठी मुलं अशीच शिकलीत.

इंदुरी_शेव
आणि इकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. मर्केलची पेशी कितवी?

अनुवादिका_कोथरूड
मराठीत पेशी म्हणजे पेशी आणि ऊती म्हणजे ऊती. पाठ्यपुस्तकात स्पष्ट आहे. प्रमाण मराठीत लिहा. शेजारच्या भाषेत काय चालतं ते बघत बसलात तर एकही शब्द जागेवर राहणार नाही. पत्रकाने वाचकाला नवे शब्द शिकवायलाही हवेत.

मीनल_रावपुरा
ताई, वाचक दवाखान्याच्या बाकावर बसलेला असतो, हातात फाईल आणि पोटात गोळा. शब्द शिकायला आलेला नसतो. आणि 'ऊती' म्हटलं की इथे कुणालाही आधी 'ऊस' ऐकू येतं.

दांडियाबाजार
म्हणून काय 'सेल' लिहायचं? सेल रावपुऱ्यात साड्यांवर लागतो. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरु' काढला, इंग्रजीसकट आठ भाषांत एकाशेजारी एक शब्द मांडून, त्या गावात आज आपण सेल, टिश्यू, रिपोर्ट करत बसलोय.

चिंतूनाना
तो राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश होता हो. त्यात दप्तर, खातं, दाखला सापडेल. काकूंची गाठ नाही सापडायची.

स्लाइडवाला
बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीत काचपट्ट्या रंगवल्या, म्हणून बोलतो. आधी मर्केल. जर्मनीच्या माजी चॅन्सेलरबाईंचा काही संबंध नाही, दोनदा विचारून झालंय मला. फ्रीडरिश झिगमुंड मर्केल हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांनी १८७५ साली या पेशींचं वर्णन केलं आणि नाव दिलं 'स्पर्शपेशी'. वरच्या त्वचेच्या तळाशी, मज्जातंतूच्या टोकाला चिकटून बसतात. हलका स्पर्श कळतो त्यात त्यांचा हात आहे.

कर्करोगाचं नाव फार नंतरचं. १९७२ साली टोकर यांनी त्वचेच्या या गाठींचं वर्णन केलं, तेव्हा 'मर्केल' कुठेच नव्हतं. पेशी बारीक तुळयांसारख्या ओळींत मांडलेल्या दिसल्या, म्हणून त्या अर्थाचं लॅटिन नाव ठेवलं. पुढे १९७८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींत गडद कण दिसले, तसेच मर्केल पेशींत असतात, म्हणून हे नाव चिकटलं. गंमत म्हणजे हा कर्करोग खरोखर मर्केल पेशीतूनच निघतो का, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. तुम्ही 'पेशी'वर भांडताय, पण त्याआधीचा 'मर्केल'च उसना असू शकतो.

चिंतूनाना
उसना? अहो, घरचा आहे! संस्कृतात मृश् म्हणजे स्पर्श करणे, हात फिरवणे. विमर्श, परामर्श त्यातलेच. मृश्, मर्श, मर्क, मर्केल. स्पर्शपेशीला मर्केल म्हणतात हा योगायोग म्हणायचा का?

स्लाइडवाला
नाना, ते आडनाव आहे. उद्या कुणी देशपांडे पेशी शोधली तर ती देश पांडुरलेला असताना सापडली असं म्हणाल.

दांडियाबाजार
व्युत्पत्ती सोडा, पण शब्द आयता मिळाला. 'स्पर्शपेशी कर्करोग'. सोपा, अर्थवाही, परकं आडनाव नको.

मीनल_रावपुरा
नको! काका, हात जोडते, 'स्पर्श' नको. सांगते का ते. काकूच्या रिपोर्टात पॉलिओमाव्हायरस असा शब्द होता. आमच्याच मजल्यावर कुणीतरी तो 'पोलिओचा व्हायरस' असा ऐकला. दोन घरची नातवंडं यायची बंद झाली. दिवाळीत फराळाचा डबा आला तो दाराच्या कडीला अडकवून, बेलही न वाजवता. काकूने डबा उघडला, चकली मोडून बघितली आणि म्हणाली, "तेल चांगलं वापरलंय." पुढे काही बोलली नाही. आता पत्रकावर स्पर्श लिहिलं तर कडीलाही कुणी हात लावायचं नाही.

स्लाइडवाला
हे मात्र पत्रकात ठळक लिहा. पोलिओतला 'पोलिओ' ग्रीकमध्ये राखाडी, पाठीच्या कण्यातल्या राखाडी भागावरून. पॉलिओमातलं 'पॉली' म्हणजे अनेक आणि 'ओमा' म्हणजे गाठ. देवनागरीत लिहिले की जुळे भाऊ दिसतात, नातं काही नाही. हा विषाणू २००८ साली अमेरिकेत पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेत सापडला. १९९४ साली कापोसी सार्कोमा या दुसऱ्या एका कर्करोगाचा विषाणू शोधला तेच हे जोडपं. या कर्करोगाच्या दर दहातल्या साधारण आठ गाठींत तो सापडतो. उरलेल्यांत मुख्य दोष उन्हाचा, अतिनील किरणांचा.

आता भीतीचं. हा विषाणू बहुतेक निरोगी माणसांच्या कातडीवर असतोच, लहानपणीच येतो आणि काही करत नाही. फारच थोड्यांत तो पेशीच्या डीएनएमध्ये अडकतो, तेही तुटलेल्या अवस्थेत. तिथे अडकल्यावर त्याला स्वतःची पिल्लावळ काढता येत नाही. म्हणजे काकूंच्या गाठीतला विषाणू वांझ आहे. शेजारच्या नातवंडांना खुशाल पाठवा.

दांडियाबाजार
पॉलिओमाला 'बह्वर्बुद विषाणू' करता येईल.

लष्करवाली
मग पोलिओच बरा.

चिंतूनाना
अर्बुद निघालाच आहे तर बोलतो. गाठीला आपला खरा शब्द अर्बुद. दहा कोटींनाही अर्बुद म्हणत, आणि आपला अबूचा पहाडही अर्बुदच, दर उन्हाळ्यात अर्धं बडोदं जिथे जातं तो. सुश्रुताने तर लक्षणंच दिलीत : गोल, स्थिर, फार न दुखणारी, न पिकणारी. मीनल, पोटीस बांधून पिकली नाही म्हणालीस ना? अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. एका अर्बुदावर दुसरं उठलं तर अध्यर्बुद, दोन बरोबर आली तर द्विरर्बुद, इथवर शब्द आहेत. आणि आपण मर्केल-मर्केल करतोय.

स्लाइडवाला
सुश्रुताच्या त्याच ओळीत 'चिरवृद्धि' आहे, नाना. म्हणजे सावकाश वाढणारं. ही गाठ काही आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढते, म्हणून तर ती ओळखायची. तुमचं लक्षण अर्धंच जुळलं. सुश्रुताची वर्षंही जरा जपून मोजा.

इंदुरी_शेव
आमच्याकडे अशा गाठीला सरळ रसौली म्हणतात. आजी म्हणायची, "रसौली निकल आई है."

मीनल_रावपुरा
गुजरातीत रसोळी! काकूची कामवाली पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती, आणि लगेच "दाक्तरला दाखवा." घरातल्या पदवीधरांपेक्षा तिचा शब्द आधी कामाला आला.

दुसरं विचारते. हा कर्करोग न्यूरोएंडोक्राइन गटातला, म्हणजे मज्जातंतू आणि संप्रेरकं अशा दोन्हींशी नातं सांगणाऱ्या पेशींचा. त्या न्यूरोएंडोक्राइनला काय लिहू? 'न्यूरो' ऐकून भावजीनी थेट मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती.

इंदुरी_शेव
इरफान खानच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या वेळी हेच झालं होतं. २०१८ साली त्याने स्वतः ट्विटरवर लिहिलं होतं की न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदूच असं नाही. तरी लोक मेंदूचाच कॅन्सर म्हणत राहिले.

अनुवादिका_कोथरूड
चेता-अंतःस्रावी. यात वाद नाही.

चिंतूनाना
आहे. आमच्या वेळी मज्जासंस्था होती. मज्जा-अंतःस्रावी म्हणा.

लष्करवाली
मज्जा-अंतःस्रावी? मज्जा आतून स्रवतेय आणि वर कर्करोग! शिवाय बोनमॅरोही मज्जाच. दोन रोग एका शब्दात.

मीनल_रावपुरा
मुलीला विचारलं. गुजरातीत चेतातंत्र, चेताकोष, अंतःस्रावी. सगळं जुळतं. पहिल्यांदाच पुण्याचं कोथरूड आणि वडोदऱ्याचं कारेलीबाग एका बाजूला आले. चेता नक्की.

स्लाइडवाला
या गटातल्या पेशी काचेवर बघाल तर बारीक, गोल, निळ्या, मोहरी सांडल्यासारख्या दाट. केंद्रकातला मसाला असा विखुरलेला की त्याला मीठ-मिरी म्हणतात. मर्केलवर एक खास रंग चढवला की केंद्रकाला खेटून एकच ठिपका उठतो. गालावरच्या तिळासारखा. तो दिसला की खुर्चीत जरा सरळ बसायचो.

मीनल_रावपुरा
मिरी म्हणा हं, गुजरातीतलं मरी नको. काकू मरीआईपर्यंत पोचेल.

दांडियाबाजार
या गटातला आणखी एक, कार्सिनॉइड. १९०७ साली ओबर्नडॉर्फरने घडवलेला शब्द, कर्करोगासारखा पण कर्करोग नव्हे या अर्थाने. त्याला मराठीत 'कर्काभ' सुचवतो.

स्लाइडवाला
आणि १९२९ साली त्यानेच कबूल केलं की यातले काही खरोखर घातक निघतात. तुमचा 'आभ' बावीस वर्षांतच पुसला गेला, काका.

अनुवादिका_कोथरूड
मूळ प्रश्न दुर्मिळचा होता. 'सहसा न आढळणारा' लिहा, विषय मिटला.

मीनल_रावपुरा
लिहिलं. काकूला वाचून दाखवलं. ती म्हणते, "सहसा न आढळणारा म्हणजे सज्जन माणूस." मग तिनेच सुचवलं : लाखात एखाद्याला होणारा.

लष्करवाली
लाखात एक? ती तर सून असते.

मीनल_रावपुरा
तेच म्हटलं मी तिला! थोड्यांच्या वाट्याला येणारं असं काही सांगायला गेलं की मराठी कौतुकच करायला लागते. वाईट आणि थोडं, या जोडीला शब्दच सापडेना. छापखानेवाल्याने शनिवारपर्यंत मुदत दिलीय, तूर्त तिथे टिंबं टिंबं ठेवलीत.

इंदुरी_शेव
टिंबं चालतील, वाचणारा आपापला शब्द भरेल. आणि आत काय, नवीन औषधाबद्दल लिहिलंस की नाही? अवेलुमॅब, २०१७ साली अमेरिकेत याच्यासाठी मंजूर झालं ते. इम्युनोथेरपीला शब्द काय केलास?

मीनल_रावपुरा
'प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध.' सहा शब्द वाटले तरी असू देत, कुणी विचारायला नको.

चिंतूनाना
चारच आहेत.

दांडियाबाजार
एक राहिलं. मीनलताईंनी पहिल्याच परिच्छेदात 'पोटीस' वापरलाय, तो शुद्ध मराठी नव्हे. इंग्रजी पोल्टिसवरून आलाय, हिंदीत पुल्टिस. योग्य शब्द 'उपनाह'.

चिंतूनाना
पोटीस इंग्रजी? पोटाशी धरून बांधतात ते पोटीस! नवा धागा काढा, पुरावे देतो.