अनुभव धागा: यंदा रानात फुलं-फुलपाखरं दिसली का? (गोवा)

सत्तरीची_नात: शेजारणीने आज सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) आणून दिला नि एकदम आजोळ आठवलं. शिगम्याच्या दिवसांत मामाबरोबर काजूच्या भाटात (बागेत) जायचो. आमचं काम बोंडूंच्या (काजूफळांच्या) बिया पिळून काढायचं, माझं लक्ष मात्र कुजक्या बोंडूंच्या ढिगावर. तिथे बॅरन आणि तपकिरी बुशब्राऊन ही फुलपाखरं सोंड खुपसून बसलेली, बोट लावलं तरी ढिम्म. मामा म्हणायचा, "तांकां सोरो चडला!" (त्यांना दारू चढली!) नावं खूप नंतर कळली, तेव्हा सगळी नुसती पिसोळीं, म्हणजे फुलपाखरं. तुम्हीही लिहा.

भाटकार: मामाचा हुर्राक (काजूची दारू) मिळेल का? अभ्यासासाठी हवा होता.

रानभूल: तांबडी सुर्ला! देवळाजवळच्या नदीवर ऊन तापल्यावर जा, पहाटे जाऊन काही दिसत नाही. ओल्या वाळूवर ब्लूबॉटल फुलपाखरांचा घोळका असतो, बहुतेक नर, क्षार शोषायला आलेले. गप्प बसलात तर घामासाठी मनगटावरही उतरतात. फक्त सेल्फीवाले नकोत सोबत.

पेडणेकरीण: सुरंगी केवढ्याला मिळाली ते सांगा आधी 😀

सत्तरीची_नात: अगं शेजारणीच्या घरचीच.

घाईत_आहे: मोलेच्या रस्त्याला बिनपानांचं झाड, लाल फुलं. पळस का? फोटो हलला, बस थांबली नाही

रानभूल: पळस केशरी असतो. खाली पडलेलं फूल बघायला हवं होतं. पाच जाड पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुपका असेल तर काटेसावर. नाहीतर पांगारा.

काणकोणची: आमच्या घरामागे धायटी होती, अख्खी डोंगरी लाल व्हायची. शाळेतून येताना फुलं चोखत यायचो, थेंबभर मध. आता प्लॉट पडलेत. जास्त लिहवत नाही.

पेडणेकरीण: 😔 आमच्याकडेही तेच गं. नेत्रावळीला जाऊन ये एकदा. सदाहरित रानात मलबार ट्री निम्फ बघ, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, एवढं सावकाश तरंगतं की मोबाइल काढायलाही वेळ मिळतो.

फ्लॅटवाली_मडगाव: आमचं रान म्हणजे कढीपत्त्याची कुंडी. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या नि झाडाला काड्या उरल्या. सासूबाई विचारतात, फोडणीत काय घालू?

भाटकार: बाजूला लिंबू लावा, तेही खातात.

फ्लॅटवाली_मडगाव: म्हणजे सरबतही गेलं!