मदत हवी आहे: डोंगरातल्या मॅरेथॉनची तयारी कोकणात राहून कशी करू?

मंडळी, मी रत्नागिरीचा. पावसाळा संपला की सह्याद्रीत एक ट्रेल मॅरेथॉन पळायचीय, पूर्ण ४२.१९५ किमी आणि चढउतार भरपूर. भाट्ये बीचवर रोज पळतो, दम टिकतो, पण तिथे चढच नाही ना! साखरप्याहून आंबा घाट चढावा म्हटलं तर ट्रक नि एसट्यांची वर्दळ बघून घरचे सोडत नाहीत, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जावं तर सध्या कातळावर शेवाळ, पाय ठेवला की गेलात.

चढाचं मला एवढं टेन्शन नाही, तो चालत काढला तरी चालतो, भलेभले तेच करतात. धास्ती आहे ती उताराची, मांड्या तिथेच कामातून जातात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतात. त्यासाठी घरी पायऱ्यांवर वगैरे काही व्यायाम आहे का?

शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत घाम इतका जातो की नुसतं पाणी पुरत नाही, मी कोकम सरबतात जरा जास्त मीठ घालून नेतो, तुम्ही ओआरएस घेता की अजून काही? ओल्या जांभ्या दगडावर पकड देणारे शूजपण सुचवा, फार महागातले नकोत. आणि चिपळूणच्या बाजूला कोणी ग्रुपने सराव करत असेल तर सांगा, रविवारी येईन मी.